किंजळीवरची पेटी

उळवीच्या अलीकडं, सडक सोडून तासभर जंगलातनं चाललं की सहा-सात घरांचा एक वाडा लागतो. परशू मिराशी तिथला. तुकडाभर भात, डोंगरउतारावर थोडी नाचणी, बाकीचं वर्ष मजुरी. पण पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते मधासाठी. आग्या माश्यांची पोळी लागतात ती उंच, सरळसोट झाडांवर, आणि तिथवर जायचं काम भल्याभल्यांना जमत नाही. परशू बांबूच्या खुंट्या खोडात ठोकत एकेक पायरी करायचा आणि सत्तर-सत्तर फूट चढून जायचा. कमरेला एक दोर, मधाचा डबा खाली सोडायला दुसरा, आणि तो दोर झेलायला खालच्या खुंट्यांवर त्याचा मेव्हणा धाकलू.

चढण्याआधी धूर द्यायचा, हा त्याचा कायदा. ओल्या पाल्यात सुकं गवत गुंडाळून तो चूड बांधायचा, ती पेटवून माश्यांखाली धरायचा आणि माश्या सुस्तावल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही. धाकलू घाई करायला लागला की म्हणायचा, "आरं, घर त्येंचं हाय. आदी इचारावं लागतंय."

बायको फुला. मूलबाळ नव्हतं. दोघांचं बरं चाललं होतं.

१९८६ सालच्या एप्रिलात, एका दुपारी वाड्यावरच्या बायकांनी आभाळातनं काहीतरी उतरताना पाहिलं. तांबडी-पांढरी छत्री, आणि तिच्याखाली बैलगाडीएवढा चकचकीत सांगाडा. तो डुलत डुलत आला आणि ओढ्यापलीकडच्या थोरल्या किंजळीच्या झाडावर आदळला. आवाज एवढा झाला की दावणीची गुरं उधळली. पुरुष माणसं बघायला गेली आणि लांबूनच परतली. त्या किंजळीवर आग्या माश्यांची आठ पोळी होती. सांगाड्यानं त्यांतली दोन फोडली होती, आणि झाडाभोवती माश्यांचा काळा गोंगाट उठला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाकडाच्या गाड्यांच्या वाटेनं एक जीप वाड्याजवळ आली. त्यांचा ट्रक मागं सडकेलाच थांबला होता. जीपमध्ये पुढं जंगलखात्याचा गोपाळ गार्ड, मागं मुंबईच्या कुठल्याशा संस्थेतले मोठे साहेब, दोन तंत्रज्ञ आणि एक पंचविशीची बाई, सुशीला. ती मूळची बेळगावची, त्यामुळं परशूशी बोलायचं काम तिच्याकडं आलं.

गार्डानं अंगणातूनच हाक मारली, "परशू, किंजळीवर चढायचंय. सरकारी काम हाय."

परशूनं झाड पाहिलं, माश्या पाहिल्या आणि सांगितलं, "दोन दिस थांबा. पोळी फुटल्यात. आज त्या कुनाचंच ऐकनार न्हाईत. न्हाईतर मला मोठी चूड करू द्या, सांजच्या वक्ताला धूर देऊन चढतो."

सुशीलानं ते साहेबांना सांगितलं. साहेब वर बोट दाखवून इंग्रजीत बोलत राहिले. मग ती परशूकडं वळली. तिला बोलायला जड जात होतं.

"सांगाड्यात एक पेटी आहे. तिच्यात टेप आहे. पेटीचं झाकण पडताना फुटलंय, दुर्बिणीतून दिसतंय. धूर केला तर काजळी टेपवर बसेल आणि काही वाचता यायचं नाही. आणि थांबावं तर ते बघा," तिनं उत्तरेला दाखवलं. दांडेलीच्या अंगाला वळवाचे ढग चढत होते. "पाणी लागलं तर संपलंच."

"आसं काय हाय त्या टेपीत?"

सुशीला बांधावर टेकली. घाईत असूनही तिनं नीट सांगितलं, हे परशूला पुढं आयुष्यभर आठवत राहिलं. ती म्हणाली, मोठे तारे म्हातारे झाले की फुटतात. फुटलेल्या ताऱ्याचा धुरळा हजारो वर्षं आभाळात पसरत राहतो. कधीकधी त्या धुरळ्याच्या पोटात ताऱ्याचा गाभा शिल्लक असतो. एवढुसा, जोयड्यापासून कॅसलरॉकपर्यंत मावेल एवढा, पण सूर्यापेक्षा जड, आणि गरागरा फिरणारा. जेवढा कोवळा तेवढा जोरात फिरतो.

"जत्रेत चक्री पाळणा असतो की नाही? त्यात बसलेल्या माणसाच्या हातात बॅटरी असली तर आपल्याला काय दिसेल? उजेड येतो, जातो, येतो, जातो. तसा तो गाभा फिरताना क्ष-किरण टाकतो. दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात ना, तेच किरण. धुरळ्यातून ते आरपार येतात, पण आपल्या हवेत अडतात. म्हणून आम्ही फुगा हवेच्या वर पाठवला, यंत्र बांधून. एकेक किरण आला की त्याची वेळ नोंदवायची. असे कोवळे गाभे आजवर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच सापडलेत. आम्ही ज्या धुरळ्याकडं बघत होतो त्यातला अजून कुणालाच सापडलेला नाही."

"आनि ती येळ टेपीवर हाय."

"फुगा लांब गेला आणि रेडिओ ऐकू येईना. त्यानंतरचे अडीच तास फक्त टेपवर आहेत. नेमका तेव्हाच तो धुरळा डोक्यावर आला होता."

परशूनं परत किंजळीकडं बघितलं. मग म्हणाला, "खरं हाय तुमचं, बाई. पर माश्यांचंबी खरं हाय."

गोपाळ गार्ड पुढं आला. त्याला साहेबांसमोर आपलं वजन दाखवायचं होतं. "मधाचा तुझा परवाना कुनाच्या सहीवर चालतो, परशू? औंदा घ्यायचा हाय का न्हाई?"

परशूनं दोर उचलला. फुलानं कांबळं आणून नवऱ्याच्या अंगाभोवती गुंडाळलं, तोंडाला फडकं बांधलं आणि दात-ओठ खात गार्डाकडं बघत राहिली.

परशू चढला. पन्नास फुटांवर सांगाडा दोन फांद्यांच्या दुबेळक्यात अडकला होता. चार स्क्रू काढायचे, ते कसे काढायचे हे तंत्रज्ञांनी जमिनीवर शिकवून पाठवलं होतं. दोन स्क्रू निघेपर्यंत माश्या नुसत्या घोंगावत होत्या. तिसऱ्याला त्या बसल्या. हातावर, मानेवर, कांबळ्याच्या आत. खालून धाकलू ओरडत होता, "भावजी, उतरा! ऱ्हाऊ द्या ते!" परशूनं चौथा स्क्रू काढला, पेटीला दोर बांधला आणि सोडू लागला.

दोर पुरला नाही. पेटी जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर लोंबकळत राहिली. मधाच्या डब्याला धाकलू अर्ध्या झाडावर येऊन हात द्यायचा, म्हणून तेवढा दोर नेहमी पुरायचा. आज माश्यांमुळं त्याला बुंध्याला हातही लावता येत नव्हता.

"सोडू नको! टाकू नको!" साहेब दोन्ही हात वर करून ओरडले. ते मराठीत ओरडले, हे सगळ्यांच्या ध्यानात राहिलं.

परशूचे डोळे तोवर सुजून मिटत आले होते. त्यानं चाचपडत कमरेचा दोर सोडला, पेटीच्या दोराला जोडला, आणि एका हातानं फांदी धरून पेटी हळूहळू खाली सोडली. ती साहेबांच्या हातात अलगद आली. साहेबांनी ती छातीशी धरली आणि जीपकडं पळत सुटले. सगळे पळाले. माश्या खालीही आल्या होत्या.

परशू चार-पाच खुंट्या उतरला. नंतरची खुंटी त्याच्या पायाला सापडली नाही.

तो पाठीवर पडला. शुद्ध होती. "फुला, पाय बघ गं माझे, हायत का," असं तो म्हणाला. फुलानं पाहिलं. होते.

धाकलू जीपच्या आडवा गेला. "साहेब, ह्येला घ्या. दवाखान्याला न्या."

साहेबांच्या कपाळाला दोन डंख झाले होते. ते घड्याळ बघत होते. "सडकेवर आमचा ट्रक आहे. तिथवर आणा, ट्रक हुबळीला नेईल त्याला. जीप हळू नेली तर आमची कॅसलरॉकची रेल्वे चुकेल. ही टेप आजच निघाली पाहिजे."

"आवो, सडक तासाभरावर हाय!"

सुशीला मागच्या बाकावर होती. पेटी तिच्या मांडीवर दिली होती. तिनं तोंड उघडलं, "सर," म्हणाली. साहेबांनी मागं वळून बघितलं. ती उतरली नाही. जीप गेली.

चौघांनी बांबूला कांबळं बांधून परशूला सडकेवर नेलं. वाटेत वळीव आला. दर ठेचेला तो ओरडत होता, आणि अर्ध्या वाटेपासून ओरडायचा थांबला. हुबळीच्या डॉक्टरांनी नंतर फुलाला सांगितलं, मणका मोडलाय, कमरेखालचं आता परत येणार नाही. तिनं विचारलं, जीपमधनं आडवं निजवून आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. हे 'सांगता येत नाही' फुलानं घरी आणलं आणि कधी टाकलं नाही.

वाड्यावर परतल्यावर आणखी एक गोष्ट वाट बघत होती. गोपाळ गार्डानं आपल्या अंगाशी येऊ नये म्हणून कागद करून ठेवला होता: परशू मिराशी हा विनापरवानगी मध काढण्यास चढला असता पडला. खुंट्यांचा बांबू चोरीचा, असंही त्यात होतं. परवाना गेला. दोर आणि कोयता जप्त झाला. फुला जोयड्याला जंगलखात्याच्या कचेरीत तीनदा जाऊन आली. तिथला कारकून कन्नडात म्हणाला, "अक्का, कागदावर असं हाय, मी काय करू?" साहेबांच्या संस्थेला धाकलूनं कुणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं. उत्तर आलं की पेटी काढण्याचं काम स्थानिक वनरक्षकांमार्फत झालं होतं, तरी त्यांच्याशी संपर्क साधावा.

परशू ओसरीवर बाजेवर पडून राहू लागला. फुला मजुरीला जायची, आल्यावर त्याला उलटायची, धुवायची, पाठीच्या जखमांना हळद लावायची. पहिल्या पावसाळ्यात त्या जखमांत किडे पडले. त्याला कळायचं नाही, वास फुलाला यायचा.

दिवाळीनंतर सुशीला आली. एकटीच, रामनगरवरून बस बदलत. तिला बघून फुला उठून आत गेली. सुशीला परशूच्या बाजेजवळ जमिनीवर बसली. मग म्हणाली, "सापडला."

"काय?"

"गाभा. एका सेकंदात नऊ वेळा फिरतो. तुमच्या टेपमधून निघाला."

परशूनं मान उचलली. गेल्या सहा महिन्यांत त्यानं एवढी मान उचलली नव्हती. "कसा काय वळखला?"

सुशीलानं वळणीवरचं फुलाचं पट्ट्यापट्ट्यांचं लुगडं काढलं. "हजारो किरण येतात, त्यांतले बहुतेक इकडचे तिकडचे. पण त्यांतले थोडे जर ठरावीक अंतरानं येत असतील, तर हे असं करायचं." ती लुगड्याच्या घड्या घालू लागली. लहान घडी घातली, पट्टे इकडंतिकडं गेले. थोडी मोठी घातली, तरी नाही. मग एक घडी अशी बसली की पट्ट्यावर पट्टा, पट्ट्यावर पट्टा, सगळे एका रेषेत. "वेळांच्या अशा घड्या घालत जातो. मी चार महिने घातल्या. नऊच्या घडीला सगळे पट्टे एकावर एक आले."

दारात फुला उभी होती. तिनं पुढं होऊन लुगडं हिसकून घेतलं. पण तिनं ते सारं ऐकलं होतं.

त्या दिवसापासून परशू बदलला. भिंतीवर बोटानं टकटक करत बसायचा. एका सेकंदात नऊ वेळा बोट आपटायचं त्याला जमायचं नाही, पाच-सहावर अडखळायचं, आणि तो स्वतःशीच हसायचा. माघात उळवीच्या जत्रेला जाणारे लोक वाट वाकडी करून त्याला बघायला येऊ लागले. "तूच न्हवं रं, चांदनी उतरवलेला?" तो सांगायचा, चक्री पाळण्यापासून सगळं, न चुकता. ऐकणारे खोबरं, गूळ ठेवून जायचे. लोकांसमोर बसायचं म्हणून तो जेवू लागला, दाढी करवून घेऊ लागला. जखमासुद्धा भरत आल्या. फुला मनात म्हणायची, असू दे. पाय गेले, पण काहीतरी आलं.

दुसऱ्या जत्रेच्या आधी, १९८८च्या जानेवारीत सुशीला पुन्हा आली. ती वाळली होती. या वेळी ती बाजेजवळ बसली नाही, ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली.

"परशूभाऊ, एक सांगायला आले. ते चुकीचं होतं."

"काय चुकीचं?"

"फुगा वर असताना आम्ही यंत्र मधेमधे त्या धुरळ्यापासून बाजूला वळवायचो, जिथं काहीच नाही अशा रिकाम्या आभाळाकडं. पडताळा म्हणून. मी ते तुकडे पुन्हा काढले. त्यांच्याही घड्या घातल्या. तिथंही नऊ आले."

परशूला कळलं नाही. की कळलं, पण त्यानं कळू दिलं नाही. "म्हंजे तितंबी गाभा हाय?"

"तिथं काही नाही. रेडिओनं आलेल्या आधीच्या तासांत नऊ नव्हते. नऊ फक्त टेपवर आहेत." ती थांबली. "टेप फिरवणारी मोटर होती पेटीत. तिची वीज यंत्रात झिरपत होती. आम्ही मोटरच मोजली."

परशूनं सुशीलाकडं मान वळवली. मग विचारलं, "म्हंजे म्या जी पेटी उतरवली, तिच्यात त्या पेटीचाच आवाज हुता?"

"हो."

"बाकी काय न्हवतं?"

"कामाचं काही नव्हतं."

फुला हातातली भाकर तव्यावर टाकून बाहेर आली. "कशापायी आलीस? हे सांगाया? कुनी बोलावलं हुतं तुला? मुंबईला बसून गप ऱ्हायला येत न्हवतं? गाडीत बसून गेलीस तवा गप बसलीस की!"

सुशीला खांब धरूनच म्हणाली, "साहेब म्हणाले, त्या माणसाला सांगायची गरज नाही. पण मला वाटलं, खोट्यावर ठेवणं..."

"खोट्यावर जगत हुता त्यो! खरं खाऊन काय करंल?"

परशूनं हात वर केला. "जाऊ दे तिला, फुले. बस चुकंल."

जत्रेचे लोक त्या वर्षीही आले. पहिल्याच टोळीतला म्हातारा म्हणाला, "सांग की रं चांदनीचं." फुला चुलीपाशी कान देऊन उभी होती. तिला वाटलं, सांगेल. खरं-खोटं कोण विचारायला बसलंय?

"चांदनी न्हवतीच," परशू म्हणाला. "मोटर हुती. चुकलं."

म्हातारा खोटं खोटं हसला. मग त्यानं आणलेला गूळ ठेवावा की नको अशा विचारात तो हातातच धरून थोडा वेळ बसला, आणि जाताना घेऊन गेला. पुढच्या वर्षी कुणी वाट वाकडी केली नाही. लोकांनी दुसरीच गोष्ट सांगायला सुरुवात केली: परशू मधाच्या हावेनं चढला आणि त्यानं साहेबांचं यंत्र मोडलं. गोपाळ गार्ड बढती घेऊन गेला, त्याचा कागद मात्र सगळ्यांच्या तोंडी राहिला. धाकलूसुद्धा भांडणात एकदा बोलून गेला, "कमरंचा दोर सोडायला तुला कुनी सांगितलं हुतं?" त्यानंतर त्यानं येणं कमी केलं.

जखमा परत उघडल्या. फुलाचे केस पिकले, कंबर वाकली. एवढ्या मोठ्या माणसाला रोज उलटायचं काम तिच्या एकटीच्या अंगावर पडलं. कधीकधी ती त्याला जोरात उलटायची, आपटल्यासारखं. त्याला दुखत नाही हे तिला ठाऊक होतं. तिनं मुद्दाम केलंय हे त्याला दिसायचं. 

१९९७च्या मार्चात सुशीला तिसऱ्यांदा आली. केसांत पांढरं, डोळ्यांना जाड चष्मा. संस्था तिनं केव्हाच सोडली होती. बेळगावच्या एका कॉलेजात शिकवत होती. फुलानं तिला हाकललं नाही. हाकलायलाही जोर लागतो. नुसतं बोट करून ओसरी दाखवली.

परशू कातडं पांघरलेल्या काटक्यांसारखा झाला होता. डोळे तेवढे तेच होते.

"भाऊ, मी लेख वाचला एक. परदेशातला. त्यांचा उपग्रह आहे, क्ष-किरणांचा, कितीतरी बारीक बघणारा. त्यांनी त्याच धुरळ्याकडं बघितलं, आपल्याच. मधोमध गाभा आहे. सेकंदाला चौदा वेळा फिरतो. त्यांनी रिकाम्या आभाळाशी ताडून बघितलं, दोनदा बघितलं. या वेळी खरं आहे." तिनं चष्मा पुसला. "तेव्हा आपलं यंत्र धड असतं, तर कदाचित आपल्यालाच दिसला असता. आपण बघत होतो ती जागा बरोबर होती."

परशू छपराकडं बघत होता. तसंच बघत त्यानं विचारलं, "हे उतरवाया कोन चढलं हुतं?"

"कुणी नाही. उपग्रह वरच असतो. तो खाली येत नाही, आकडे रेडिओनं येतात."

"कोन पडलं न्हाई?"

"नाही."

"मंग आसंल खरं," परशू म्हणाला आणि त्यानं मान भिंतीकडं वळवली.

सुशीला आणखी घटकाभर बसली. तिला आणखी काहीतरी हवं होतं. क्षमा असेल, किंवा शिवी. तिनं दोनदा "भाऊ" म्हणून हाक मारली. तो जागा होता, फुलाला ते त्याच्या श्वासावरून कळत होतं. पण तिनं सांगितलं नाही. उलट म्हणाली, "झोपला त्यो. तुमी निघा आता."

आषाढात परशू गेला. पाऊस एवढा लागला होता की सडकेवर झाडं पडली होती आणि जोयड्याकडचं नात्यातलं कुणी येऊ शकलं नाही. धाकलू आला. वाड्यावरचे चौघं मिळाले. सरणाची लाकडं ओली होती, पेट घेईनात. धाकलूनं ओल्या पाल्यात सुकं गवत गुंडाळलं, जसं त्याला परशूनंच कधीतरी शिकवलं होतं, आणि ते फुंकत बसला. धूर सगळा माणसांच्या तोंडावर येत होता. फुला लांब उभी होती. तिला घरी जाऊन ओसरीवरची त्याची बाज बाहेर टाकायची होती, आणि ती पावसाची उघडीप होते का ते बघत होती.